पाण्याच्या पट्ट्या

रविवार, रात्री उशिरा

'हस्तक्षेप' हा शब्द शुक्रवारी संध्याकाळी मीच टाइप केला. वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत किती तापतं ते मोजायला आम्ही महिनाभर लॉगर टांगले होते, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणाऱ्या डब्या. त्यांचा हा तक्ता : बारा घरं, बारा ओळी, शेवटचा रकाना शेऱ्याचा. सात नंबरपुढे लिहिलं, 'घरातील व्यक्तीचा हस्तक्षेप. दिवस १२ ते ३० अग्राह्य.' सेव्ह केलं आणि चहाला गेले. तेव्हापासून तो शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतोय.

झालं एवढंच, की वस्तीतलं काम बघणाऱ्या आमच्या ताई लॉगर उतरवायला गेल्या तर सात नंबरचा लॉगर ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "लाल लाल करत होतं ना ते सारखं. म्हटलं तापलंय बिचारं. पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या." ताई फोनवर सांगताना हसत होत्या, मीही हसले. मग फाइल उघडली. दर १५ मिनिटांनी एक नोंद, दिवसाच्या ९६. एकोणीस दिवसांच्या १,८२४ नोंदी फडक्यात.

लॉगर टांगायचं काम दिसतं सोपं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत बटण सेल. पण दहा बाय दहाच्या खोलीत ती टांगायला जागा शोधा. पत्र्याला चिकटता कामा नये, नाहीतर हवेचं नाही, पत्र्याचं तापमान येतं. शेगडीपासून लांब, फ्रिजच्या पाठीपासून लांब, देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब, पश्चिमेच्या भिंतीवर नाही, पंख्याच्या थेट झोतात नाही. उंची कागदावर १.१ मीटर, म्हणजे माणसाच्या पोटाच्या आसपास. गोवंडीत त्या उंचीवर पोरांचे हात असतात, त्यामुळे सगळे लॉगर डोक्याच्या उंचीला जातात आणि अहवालात तसं लिहावं लागतं, कारण पत्र्याखाली वर जावं तसं जास्त तापतं. टांगण्याआधी बाराही डब्या एकाच टेबलावर दोन दिवस शेजारीशेजारी ठेवायच्या आणि कोणती किती वर दाखवते, कोणती खाली, ते टिपून ठेवायचं. हे न करता टांगले तर दोन घरांतला अर्ध्या अंशाचा फरक घराचा की यंत्राचा, हे सांगता येत नाही. हे सगळं आम्ही केलं. मी स्वतः केलं.

आणि अलार्म बंद करायला विसरले. एकाच डबीचा.

हे लॉगर मुळात लशींच्या शीतपेटीसाठी विकले जातात. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, म्हणून कारखान्यातूनच मर्यादा तशी बसवलेली येते. ८ च्या वर पारा गेला की लाल दिवा लुकलुकू लागतो. वस्तीत लावण्याआधी तो पर्याय बंद करायचा असतो. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर एक बारीक चौकोन आहे, त्यातली खूण काढायची. अकरा डब्यांची काढली. सातवीची राहिली. म्हणजे ती डबी महिनाभर रात्रंदिवस त्या घरात सांगत होती की लस खराब झाली.

बरं, घरोघरी वाटलेल्या पत्रकात ओळ कोणती? 'हा तुमच्या घराचा ताप मोजणारा थर्मामीटर आहे.' ती ओळही माझीच. मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडली होती. आता ज्या बाईला सांगितलंय की हा ताप मोजतो, तिच्यासमोर तो लाल डोळे करून बसलाय, तर ती दुसरं काय करणार? तापावर पट्ट्याच ठेवणार. शेऱ्यात हस्तक्षेप कोणाचा लिहायला हवा होता?

बाराव्या दिवसापासूनच का, त्याआधी का नाही, हे ताईंनी विचारलं नाही. मीही विचारू नका म्हटलं.

काल आलेख नीट पाहिला. आठ नंबर शेजारचंच घर, भिंतीला भिंत, त्याची रेघ टेकडीसारखी. अकरानंतर चढते, तीनच्या सुमारास माथा, रात्री हळूहळू उतरते. सात नंबरची बाराव्या दिवसापर्यंत तशीच, आणि मग करवतीचे दात. फडका भिजवला की पारा पाच-सहा अंश धपकन खाली आणि आर्द्रता ९९. पाणी उडत जातं तसा पारा चढत जातो, मग पुन्हा दात. पहिला दात पहाटे पाचच्या सुमाराला, पाणी येतं तेव्हा. दुपारी दोनदा-तीनदा. शेवटचा रात्री अकराला, म्हणजे झोपायच्या आधी. दोन दिवस पहाटेचा दात नाही. त्या दिवशी पाणी आलं नसणार. त्यातल्या एका दिवशी सकाळी दहाला एक बारकासा दात आहे, जेमतेम अंशभराचा, ओंजळभर पाण्याचा असावा.

त्या एका दाताकडे मी किती वेळ बघत बसले ते लिहीत नाही.

गंमत अशी, की ओल्या फडक्यातला थर्मामीटर हे हवामानशास्त्रातलं जुनंच यंत्र आहे. दोन थर्मामीटर, एक कोरडा, एकाच्या टोकाला ओली मलमल. ओल्याचा पारा जितका कमी उतरेल तितकी हवा दमट, म्हणजे घाम सुकायला वाव कमी. ओल्या थर्मामीटरचे ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची कागदावरची मर्यादा. पुढे प्रत्यक्ष प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांचं शरीरही दमट हवेत ३१ च्या आसपासच हार मानू लागलं. मुंबईच्या मे महिन्याबद्दल बोलायचं तर बोलायला हवं ते याच आकड्याबद्दल. हवामान खात्याच्या व्याख्येत किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा ३७ ला पोचावा लागतो आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर असावा लागतो, तोही विभागातल्या दोन केंद्रांवर सलग दोन दिवस. मुंबईत हे जमतं ते बहुधा मार्चच्या आसपास, समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुटतो तेव्हा. मे महिन्यात पारा चौतीसच्या आगेमागे असतो, अंगाचं पाणी पाणी होत असतं, आणि लाट नसते. शिवाय तो पारा मोजला जातो गवतावर उभ्या केलेल्या, झडपांच्या, हवेशीर पांढऱ्या पेटीत. पत्र्याखाली राहणाऱ्याला गवतही नाही आणि झडपाही नाहीत. म्हणून तर आम्ही डब्या टांगल्या.

तर मावशींनी आमच्या कोरड्या थर्मामीटरचा ओला करून दिला, असं म्हणायचा मोह होतो. पण नाही. खऱ्या यंत्राला पातळ, स्वच्छ मलमल लागते, डिस्टिल्ड पाणी लागतं आणि सेकंदाला निदान तीनेक मीटर वेगाचा वारा लागतो. म्हणून तर ते यंत्र हातात धरून गरगर फिरवतात. जुन्या टॉवेलचा जाड तुकडा, नळाचं पाणी आणि कोंदट कोपरा, यातून येणारा आकडा धड ओलाही नाही आणि कोरडाही नाही. अग्राह्य म्हणजे अग्राह्यच. टोचतो तो शेऱ्याचा पहिला शब्द.

ऑफिसात सगळ्यांना आपापल्या परीने कळलं. कम्युनिकेशनवाला खुर्चीतून उठलाच, "ही तर स्टोरी आहे! फडक्याचा फोटो काढलाय का कुणी?" सरांनी मान न वळवता सांगितलं, "तळटीप टाक आणि पुढे चल." नवी फेलो म्हणाली, आठ नंबरवरून सातचे आकडे भरून काढता येतील. येतील, पण मग सात नंबर टांगलाच कशाला? अकाउंटंट काकांनी एवढंच विचारलं की डबी चालू आहे ना, कारण ती मालमत्ता-नोंदवहीत आहे.

या सगळ्यात एक दिवस मला स्वतःची फार कीव आली, हेही लिहून ठेवते. देणगीदाराचा अहवाल ३१ ला. डाउनलोड दर दहा दिवसांनी व्हायला हवं होतं. झालं असतं तर फडका आठवड्याभरात सापडला असता. झालं नाही, कारण वस्तीत जाणाऱ्या ताई एकट्या आणि तीन प्रकल्पांत वाटलेल्या. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली बदल झाला, तेव्हापासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि आलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करायला बंदी आली. पूर्वी वस्तीतल्या महिला मंडळालाच काम आणि पैसे दोन्ही देता यायचे. आता ताईंना मानधनाचं व्हाउचर. मग आम्ही इथे बसून आलेख काढायचे, रात्री दहाला 'जस्ट चेकिंग' मेलला उत्तर द्यायचं, आणि डोंगराएवढ्या प्रश्नावर बोलताना एका चौकोनातली खूण विसरायची.

मग आज सकाळी गणित केलं. बारा घरं, तीस दिवस, ३४,५६० नोंदी. त्यांतल्या १,८२४ म्हणजे सव्वापाच टक्के. एवढ्याने कोणाचं काही अडत नाही. घरं कमी तापावीत म्हणून पत्रे पांढरे करायचा पुढचा टप्पा याहून चांगल्या कारणांनी फसेल. रंगवायच्या आधी पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा, दोन हात मारायचे, वाळायला कोरडं ऊन हवं, आणि हे सगळं टायर, विटा, जुन्या सायकली बाजूला सारून. ते जमलं तरी जूनमध्ये वरून निळी ताडपत्री चढते आणि पांढरा रंग तिच्याखाली ऑक्टोबरपर्यंत गुडूप. त्यामानाने माझा चौकोन बारीकच.

सात नंबरची डबी सध्या माझ्या टेबलावर मिठाच्या डब्यात आहे. साधं मीठ, ओल्या वाळूइतकं भिजवायचं, हवाबंद डब्यात वाटीत ठेवायचं, शेजारी लॉगर. मिठाला चिकटू द्यायचा नाही. रात्रभरात आतली आर्द्रता ७५ वर स्थिरावते. लॉगर तेवढीच दाखवत असेल तर त्याचं डोकं ठिकाणावर. इतके दिवस ओल्यात राहिला की हा सेन्सर बहकतो. काल ८१ दाखवत होता, आज ७८. वाळतोय. अलार्म बंद केलाय.

शेरा बदलला. 'मांडणीतील त्रुटी : अलार्म सुरू राहिला. दिवस १२ ते ३० वगळले.' सर विचारतील की त्रुटी कोणाची. सांगेन.

आत्ता ताईंचा मेसेज आला. यंत्र नेलं ते ठीक, पण हूक तेवढा काढायला येऊ नका, असं मावशींनी सांगितलंय. छत्री टांगायला बरा पडेल म्हणे.