सोड की जरा उन्हात

"अगं सोड की त्याला जरा उन्हात, व्हिटॅमिन डी मिळेल!" बसमध्ये एक काकू त्या मुलाच्या आईला सांगत होत्या. पोरगा सहा-सात वर्षांचा असेल, भर मे महिन्यात फुल बाह्या, हातमोजे, टोपीला पुढून शिवलेला प्लास्टिकचा पडदा. आई नुसती हसली, म्हणाली, "ह्याला झिरोडर्मा आहे काकू."

काकूंना वाटलं ॲलर्जी. म्हणे हळद लावून बघ.

ॲलर्जी नाही हो, झिरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा जन्मजात आजार आहे हा. उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांनी आपल्या सगळ्यांच्याच त्वचेतला डीएनए रोज थोडाथोडा बिघडतो आणि पेशी तो परत दुरुस्त करतात, ह्या मुलांमध्ये ती दुरुस्तीच नीट होत नाही, हे जेम्स क्लीव्हर ह्या संशोधकाने 1968 मध्येच दाखवलंय. म्हणून एरवी साधारण साठीनंतर दिसणारा त्वचेचा कॅन्सर ह्यांना आठव्या-नवव्या वर्षीच होऊ शकतो. डोळ्यांनाही त्रास होतो तो वेगळाच.

आणि आईबाप दोघंही ठणठणीत! दोघांकडे बिघडलेल्या जीनची एकेक कॉपी, मग प्रत्येक बाळाला 25 टक्के धोका. मामाच्या मुलीशी लग्न कौतुकाने लावतात ना आपल्याकडे, तिथे अशा कॉप्या जुळायची शक्यता वाढते, पण पत्रिका जुळवताना हे कोण बघतंय.

साधी काच यूव्हीए, म्हणजे यूव्ही किरणांचाच एक प्रकार, पूर्ण अडवत नाही, म्हणजे वर्गात खिडकीजवळ बसणंही धोक्याचंच. शाळेच्या खिडक्यांना यूव्ही फिल्म लावायला साधारण किती खर्च येतो, माहितीये का कोणाला?