हा मेला कसा?

कपाटातला करडा दगड पाहुण्याच्या हातात गेला, त्यावरची समुद्री विंचवाच्या जीवाश्माची तपकिरी आकृती त्याने डोळे बारीक करून पाहिली, की हमखास प्रश्न येतो, “हा मेला कसा?” तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते. बहुधा तो मेलाच नव्हता. निदान तिथे आणि तेव्हा तरी नाही. दगडावर आहे ती त्याची कात. ती टाकून स्वारी पुढे निघून गेली.

हे ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मृत्यू बघायला मिळतोय असं वाटत असताना पदरात पडतात ते उतरवलेले कपडे. माझा छंद मात्र टिकलाय तो याच गोष्टीमुळे.

समुद्री विंचू, म्हणजे युरिप्टेरिड, हे खरे विंचू नव्हेत. विंचू आणि कोळ्यांच्या गोतावळ्यातले, पण वेगळ्या शाखेचे. सर्वांत जुने माहीत असलेले अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले, सुमारे 46.7 कोटी वर्षांपूर्वीचे. शेवटचे पर्मियन काळाच्या अखेरीस, 25 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास संपले. जर्मनीत सापडलेला एका जातीचा तोंडापुढचा चिमटाच 46 सेंटिमीटरचा आहे आणि त्यावरून प्राणी अडीच मीटरचा असावा असा अंदाज बांधला गेला. बातम्यांत झळकतो तो हाच. मी जमवते ते न्यूयॉर्क राज्यातले युरिप्टेरस, साधारण वीतभर लांबीचे, सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वीचे. शेवटची पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी, शेपटीला टोकदार काटा. काट्यात विष असल्याचा काही पुरावा नाही.

आता कातीबद्दल. अंगाबाहेर असं सांध्यांचं कवच असलेल्या प्रत्येकाला एकच अडचण असते: आतला जीव वाढतो, कवच वाढत नाही. खेकडा असो, कोळंबी असो, विंचू असो, जुनं टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. आजचा हॉर्सशू क्रॅब (नावात ‘क्रॅब’ असला तरी कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातला, घोड्याच्या नालासारख्या कवचाचा समुद्री प्राणी) मोठा होईपर्यंत पंधराहून अधिक वेळा कात टाकतो आणि मरतो एकदाच. म्हणजे चिखलात पुरल्या जाणाऱ्या मालात कातीच जास्त असणार, हा साधा हिशेब झाला. शिवाय मढ्यात मांस असतं. ते कुजतं, फुगतं, कोणी ना कोणी येऊन ओरबाडतं. कातीत खाण्याजोगं फारसं उरत नाही. युरिप्टेरिडांचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं होतं, खेकड्याच्या कवचासारखा त्यात चुना मुरलेला नव्हता. असं पातळ कवच टिकायचं तर ते लवकर गाळाखाली जायला हवं आणि तिथे चरणारं, उकरणारं फारसं कोणी नको.

दगडात हे ओळखायचं कसं? हॉर्सशू क्रॅबची कात डोक्यावरच्या ढालीच्या पुढच्या कडेने उसवते आणि प्राणी समोरून बाहेर सरकतो. युरिप्टेरिडही असेच पुढून निघत असावेत. म्हणून नमुना हाती आला की मी आधी ढाल बघते. ती थोडी फिरलेली आहे का, सुटून बाजूला पडलीय का, की साफ गायब आहे? मग पाय: आत ओढल्यासारखे, वेडेवाकडे? मग पाठीचे खंड: एकमेकांत घुसलेले? ही लक्षणं एकत्र दिसली की माझ्यापुरता निकाल लागतो. सदरा घाईघाईने डोक्यावरून काढून भिरकावला की त्याच्या बाह्या कशा पडतात, तशी ती सगळी मांडणी असते. पण उलटा तर्क चालत नाही. शांत पाण्यात टाकलेली कात जागच्या जागी, अगदी अखंडही राहू शकते. तेव्हा ‘अख्खा आहे, म्हणजे मेलेलाच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही मोठा जाणकार असो.

एकाच जागी एवढ्या काती का, हा खरं तर तुमच्या प्रश्नापेक्षा अवघड प्रश्न. न्यूयॉर्क आणि शेजारच्या कॅनडातल्या ओंटारिओमध्ये बर्टी नावाचा खडकांचा गट आहे. त्याच्या काही थरांवर तुकडे लाटांनी लोटल्यासारखे ओळीने साचलेले दिसतात. त्याच गटात मिठाच्या स्फटिकांचे चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचे साचे आढळतात. मीठ केव्हाच विरघळून गेलं, आकार मागे राहिला. म्हणजे पाणी उथळ होतं आणि केव्हा ना केव्हा ते फार खारट होत असे. सायमन ब्रॅडी या संशोधकाने 2001 साली कल्पना मांडली, की हे प्राणी कात टाकायला आणि जोडी जमवायला घोळक्याने अशा उथळ पाण्यात येत असावेत. हॉर्सशू क्रॅब आजही अंडी घालायला किनाऱ्यावर गर्दी करतात, त्यावरून सुचलेली ही गोष्ट. मला ती आवडते, पण पुरती पटलेली नाही. लाटासुद्धा चार ठिकाणचा माल आणून एका कडेला लावतात. ढीग दिसला म्हणून मेळावा भरला होता असं म्हणायला मी कचरते.

ज्या दगडात हे सापडतात त्याला वॉटरलाइम म्हणतात. बारीक कणांचा, मातकट डोलोमाइट, म्हणजे चुनखडकासारखाच एक दगड. भाजून दळला की पाण्याखालीही आवळून बसणारं सिमेंट होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कालव्याचं काम सुरू असताना, 1818 साली, कॅनव्हस व्हाइट या अभियंत्याला त्या भागातल्या अशा दगडाचा हा गुण सापडला. गंमत म्हणजे त्याच वर्षी सॅम्युएल मिचिल या डॉक्टराने, जो सिनेटरही होऊन गेला होता, न्यूयॉर्कमधल्या एका जीवाश्माचं वर्णन छापलं आणि त्याला मासा ठरवलं. डोक्यापुढचे पाय त्याला माशाच्या मिशा वाटल्या! 1825 साली जेम्स डी के याने तो संधिपाद, म्हणजे खेकडे-कोळ्यांसारखा सांध्यांच्या पायांचा प्राणी असल्याचं ओळखून त्याला युरिप्टेरस रेमिपेस हे नाव दिलं. स्कॉटलंडमध्ये तर खाणकामगार अशाच एका मोठ्या भाईबंदाच्या तुकड्यांना ‘सेराफिम’, म्हणजे पंखवाले देवदूत म्हणत, कारण कवचावरची खवल्यांची नक्षी पिसांसारखी दिसते. माशांच्या जीवाश्मांचे तज्ज्ञ लुई अगासी यांनीही आधी तो मासाच मानला होता. पुढे सिमेंटच्या खाणी वाढल्या तसे नमुने निघत गेले. बफेलो शहरातल्या एका सिमेंट कारखान्याच्या खाणीतले सुरेख नमुने तिथल्या संग्रहालयाला मिळाले. 1984 पासून युरिप्टेरस रेमिपेस हा न्यूयॉर्कचा अधिकृत राज्यजीवाश्म आहे.

आम्हा हौशी लोकांचं काम म्हणाल तर मालकाची परवानगी, डोळ्यांवर गॉगल, छिन्नी, हातोडा, पहार आणि बरीच पाठदुखी. सरकारी जमिनीवर परवान्याशिवाय हात लावायचा नाही. हिवाळ्यातल्या बर्फाने सुटलेले थर सोपे पडतात. बाकीचा दगड मनाला येईल तसा फुटतो. फुटला तर दोन्ही बाजू जपायच्या, कारण कवचाचा थोडा भाग इकडे आणि थोडा तिकडे राहतो. आणि कुठल्या थरातून काढला ते जागेवरच लिहायचं. हे शेवटचं लोक टाळतात. माझ्या मते तेच खरं काम आहे: थराची नोंद असलेली एक फुटकी ढाल, नोंद नसलेल्या देखण्या नमुन्यापेक्षा मोलाची. बाजारात अखंड नमुन्याला मान असल्यामुळे एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला चिकटवून, वर तपकिरी रंग फासून विकणारेही असतात. कात आहे हे सांगणाऱ्या खुणाच त्यात पुसल्या जातात. याउलट सॅम्युएल सिउर्का या हौशी संग्राहकाने आयुष्यभर जमवलेले हजारो नमुने येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात गेले, ते थरांच्या नोंदींसह. त्यांच्यावरून एका प्रजातीला सिउर्कोप्टेरस हे नावही मिळालं.

“मग खराखुरा मेलेला एकही नाही का तुमच्याकडे?” हा ठरलेला पुढचा प्रश्न. एका दगडावर माझा संशय आहे. ढाल जागेवर, वल्ही दोन्हीकडे पसरलेली, खंड सरळ. पण शांत पाण्यातली कातही अशीच दिसेल, हे वर सांगितलंच. पोटाच्या जागी आतड्याची किंवा खाल्लेल्या अन्नाची काही खूण दिसली असती तर वाद मिटला असता. तिथे मला नुसता दगड दिसतो. तेव्हा तूर्त मी तोही कातीतच धरते.