निळा तीळ

माझ्या डाव्या पंज्याच्या पाठीवर, करंगळीच्या मुळाशी, मसुराएवढा निळा तीळ आहे. पेन गळलं असेल म्हणून तो पुसून द्यायला निघालेली माणसं अधूनमधून भेटतात. एका मावशीने तर पदराचं टोक ओलं करून चांगला घासलाही होता.

तीळ कसा, काळा नाहीतर तपकिरी असावा. गंमत अशी की हाही काळाच आहे. केसांना काळं करणारं मेलॅनिनच त्यात असतं, फक्त ते खोल दडलेलं असतं. आईच्या पोटात असताना रंगपेशी पाठीच्या बाजूने निघून कातडीच्या वरच्या थरापर्यंत येतात. त्यातल्या काही आतल्या थरातच मुक्काम ठोकतात. उजेडातला तांबडा रंग तिथवर पोचून जिरून जातो, निळा मात्र वरच्यावर विखुरतो आणि आपल्याकडे परत येतो. टिंडाल परिणाम तो हाच. अशा तिळांचं वर्णन १९०६ साली माक्स टिएश या डॉक्टरांनी केलं.

आजीच्या हनुवटीवरचं गोंदण आठवून बघा. काजळी काळीकुट्ट, पण कातडीखाली गेली की हिरवट-निळी दिसते. दाढी घोटून केलेल्या गालांवरची निळसर झाकही त्याच घराण्यातली. तान्ह्या बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर निळे डाग दिसले की नवी आई हादरते, कुणी आपटलं की काय बाळाला! तिथेही रंगपेशी आत राहिलेल्या असतात. ते डाग बहुधा काही वर्षांत आपोआप विरतात. माझ्यासारखे तीळ मात्र हटत नाहीत. पंजे, पावलं, डोकं, चेहरा आणि ढुंगण या त्यांच्या आवडत्या जागा.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगाचा दिवा टेकवून पाहिला. सगळीकडे सारखाच निळसर-करडा रंग, कडा सरळ, वर्षानुवर्षं तेवढाच आकार. ‘राहू दे,’ म्हणाल्या. पण तीळ वाढायला लागला, रक्त आलं, खपली धरली किंवा चाळिशीनंतर नव्यानेच उगवला, तर लगेच दाखवायचा, कारण मेलॅनोमा नावाचा कर्करोगही निळा-काळा दिसू शकतो. तो आपल्याकडे तळपायावर, नखाखालीही निघतो, आणि तिथे कोण बघतंय!

आणि कधी काढलाच, तर तो तुकडा तपासायला पाठवायचा, हेही त्यांनी बजावलं.