आधी डोंगर बघा, मग पाहुणे बोलवा

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात ज्या पावसासाठी पर्यटक येतात, त्याच पावसात दरडी कोसळतात. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही गावं नाशिक जिल्ह्यातली नाहीत, पण डोंगर तोच सह्याद्री आणि तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. त्याच दिवसांत दर शनिवार-रविवारी भावली, पहिने, दुगारवाडीच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा असतात. म्हणून अतिवृष्टीने मोडलेल्या पाड्यावर पर्यटन पुन्हा उभं करताना ते धबधब्यांच्या भरवशावर उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे. गावाची कमाई ऑक्टोबर ते फेब्रुवारीकडे सरकवायची, आणि पावसाळ्यातले धोक्याचे दिवस बंद ठेवणं गावाला परवडेल अशी सोय करायची. पुढचं सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

सुरुवात पंचनाम्यापासून. ढिगारा उपसण्याआधी प्रत्येक घराचे, गोठ्याचे, चुलीच्या जागेचे फोटो काढा आणि फोटोत मोजपट्टी ठेवा, म्हणजे भेग किती रुंद, पाणी किती उंच हे वादाचं राहत नाही. पाहुण्यांसाठी बांधलेली खोली ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंदलेली नसली तर कागदावर ती अस्तित्वातच नसते. असं अनेक घरांत होतं. गाद्या, भांडी, सोलर दिवे यांची यादी वेगळी करून ठेवा. सरकारी मदतीत त्यांना जागा मिळाली नाही तरी पुढे एखादी संस्था किंवा बँक विचारेल तेव्हा हीच यादी लागते.

याच दिवसांत बाहेरची माणसं जागा मागायला येतात. कॅम्पसाठी, रिसॉर्टसाठी, 'फक्त भाड्याने'. घर पडलेल्या माणसाला रोख पैसा दिसतो आणि अंगठा उठतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण ठेवणं किंवा भाडेपट्ट्याने देणं यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार निर्बंध आहेत. सरकारी परवानगीशिवाय केलेला असा व्यवहार टिकत नाही. पेठ, सुरगाणा, कळवण आणि शेजारच्या तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. पहिल्या महिन्यातच ग्रामसभेत ठराव घ्या: जागेचा कुठलाही करार ग्रामसभेपुढे वाचून दाखवल्याशिवाय कोणी सही करणार नाही.

आता डोंगर. पाड्याच्या वरच्या अंगाला चढून जमिनीत नव्या भेगा आहेत का बघा. झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का, एखादा झिरा अचानक आटला किंवा गढूळ वाहू लागला आहे का, घरांची दारं चौकटीत अडकू लागली आहेत का, हेही तपासा. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर त्या बाजूला पाहुण्यांची खोली, तंबू, पार्किंग काहीही नको. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका आणि त्यांच्यातलं अंतर पावसाळ्यात रोज सकाळी मोजून वहीत लिहा. अंतर वाढत असेल तर खालची घरं आधी रिकामी करायची. अहवालाची वाट नंतर पाहायची. भेग उघडी ठेवली तर तिच्यातूनच पाणी आत मुरतं, म्हणून ती चिकण मातीने ठोकून भरा आणि वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूच्या नाल्यात काढा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून पाहणी हवी असेल तर तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करा, सोबत खुंट्यांची वही जोडा. नुसत्या भीतीच्या अर्जापेक्षा मोजमापाच्या अर्जाकडे लवकर लक्ष जातं.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते उताराचा पायथा कापणं. जेसीबी लावून दोन गाड्यांची जागा काढली जाते, मागे आठ-दहा फुटांची उभी मातीची भिंत उरते आणि पुढच्या पावसात वरचं सगळं तिच्यावरून खाली येतं. पार्किंग पाड्यात नकोच. फाट्यावर, सपाट माळावर ठेवा आणि तिथून पाहुण्यांना चालवत आणा. जिथे कापणं झालंच आहे तिथे सुक्या दगडांची ताल (सिमेंटशिवाय रचलेली भिंत) घाला किंवा जाळीत दगड भरून भिंत करा. सिमेंटची भिंत बांधायचीच असेल तर तिच्यात पाणी जायला पाइप सोडा. ते नसले की भिंतीमागे पाणी साचतं आणि त्याच्या दाबाने सगळी भिंत एकदम पुढे पडते.

पाणी हा दुसरा मोठा विषय. पाहुण्यांना एकदा जुलाब लागले की गावाचं नाव पुढची दोन वर्षं खराब. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचा आधी गाळ काढा. मग पाण्याचा हिशेब करा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर. नेहमीच्या शुद्धीकरणाला दर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते, म्हणजे इथे ९५ ग्रॅमच्या आसपास. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तासाभराने गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (क्लोरीनची चाचणी) करून घ्या, क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम तरी उरलेलं हवं. पुरानंतर पहिल्यांदा हमखास शून्य येतं, कारण गढूळपणाच क्लोरीन खाऊन टाकतो, तेव्हा मात्रा पुन्हा द्यायची. उघड्या पोत्यातली जुनी टीसीएल दमट हवेत निकामी होते. वास उग्र येत नसेल तर ती मोजून घालण्यातही अर्थ नाही.

पाहुण्यांसाठी नवं शौचालय बांधाल तर शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. आपल्याकडचा काळा कातळ अखंड वाटतो, पण त्याच्या भेगांमधून घाण लांबवर जाते.

घरांबद्दल एकच कळकळीची विनंती आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती भिजल्या म्हणून त्यांना सिमेंटचं प्लॅस्टर करू नका. आतली ओल कोंडते, कारवी कुजते आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत तिसऱ्या वर्षी ढासळते. भिंत आधी पूर्ण वाळू द्या. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. वाळल्यावर माती, शेण आणि बारीक कापलेला भाताचा पेंढा यांचं लिंपण करा. जोतं दोन फूट उंच घ्या आणि पावळीचं पाणी भिंतीपासून लांब पडेल इतकं छप्पर पुढे काढा. पत्रा घातलाच तर बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात मारलेला प्रत्येक बोल्ट गळतो.

पहिल्या वर्षी मुक्कामाच्या खोल्या बांधूच नका, कर्ज तर मुळीच नको. जेवणापासून सुरुवात करा. चूल, भांडी आणि हातचं कसब घरात आहेच. ज्यांच्याकडे पाहुणा ठेवण्याजोगं घर नाही, अशी कातकरी, भूमिहीन, एकट्या बायकांची घरंही यात येऊ शकतात. मुक्कामी पर्यटनात नेमकी हीच घरं बाहेर राहतात आणि रस्त्याकडेच्या दोन पक्क्या घरांकडे सगळा पैसा जातो. वीस जणांच्या जेवणाला साधारण चार किलो नागलीचं (नाचणीचं) पीठ, दोन किलो इंद्रायणी तांदूळ आणि एक किलो उडीद किंवा तूर धरा. नागलीचं पीठ गरम पाण्यातच मळा, नाहीतर भाकरी थापताना चिरते. रानभाज्या घालाव्यातच, पण शेवळं काकडाच्या आंबट फळांशिवाय किंवा चिंच-आमसुलाशिवाय रांधू नका, घसा खाजतो आणि शहरातला पाहुणा घाबरून दवाखाना शोधतो. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करा. लहान व्यवसायाला ती वर्षाला १०० रुपयांत मिळते.

कामं वाटून द्या. भाकरी एका घराकडे, पाणी आणि शौचालय सफाई दुसऱ्याकडे, वाटाड्याचं काम तिसऱ्याकडे. पाळी फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल अशी. पैसे बचत गटाच्या खात्यात यावेत, कोणा एकाच्या मोबाइलवर नकोत. भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

पाऊस निधी हा या सगळ्याचा कणा आहे. प्रत्येक ताटामागे २० रुपये बाजूला काढा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी साधारण २० आठवडे, आठवड्याला सरासरी ७५ ताटं धरली तर १५०० ताटं आणि ३०,००० रुपये. जुलै-ऑगस्टमध्ये चार शनिवार-रविवार बंद ठेवावे लागले तर ते आठ दिवस. दहा घरांना रोजचे ३०० दिले तर २४,००० लागतात, सहा हजार उरतात. हा निधी नसला की रेड अलर्टच्या दिवशीही चूल पेटते, कारण चुलीवरच घर चालतं. बुकिंगची आगाऊ रक्कम एक चतुर्थांशपेक्षा जास्त घेऊ नका आणि पाहुणा येईपर्यंत तिला हात लावू नका. बंद ठेवलं तर पैसे परत द्या किंवा थंडीतली तारीख द्या.

थंडीत दाखवायला काय आहे असं विचारणाऱ्यांनी ऑक्टोबरात भात सोंगणीच्या वेळी इगतपुरीकडे जाऊन यावं. अंजनेरी, हरिहर, साल्हेर हे किल्ले कोरड्या पायवाटेने चढायचे दिवस तेच. नांदूरमध्यमेश्वरला नोव्हेंबरपासून स्थलांतरित पक्षी असतात, जानेवारी ते मार्च द्राक्षांची काढणी चालते. पाड्यावरचा एक दिवस यांच्याशी सहज जोडता येतो. डोंगऱ्या देवाचा उत्सव आणि बोहाडा (मुखवट्यांचा नाच) मात्र या यादीत घालू नका. तो पाड्यावरच्या आदिवासींचा देव आहे, तिकिटाचा खेळ नाही. गावाने बोलावलं तर जावं, तेही कॅमेरा पिशवीत ठेवून.

खरी अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेठ, सुरगाण्याची माणसं टोळीने दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर छाटणीला निघतात आणि पाडा निम्मा रिकामा होतो. त्यांना 'थांबा, पाहुणे येतील' असं नुसतं सांगून भागत नाही, कारण बागेत रोजची मजुरी ठरलेली असते. म्हणून पाहुणे विखरून न घेता महिन्यातले दोन-तीन शनिवार-रविवार नक्की करा आणि ते बुकिंग दसऱ्याआधी पक्कं करा. किती दिवस काम आहे हे आकड्यात कळलं तर घरातलं एक माणूस मागे राहतं. जुलैमध्येही असंच: आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत पाहुण्यांमागे माणसं अडकली तर रोपं राबातच (रोपांच्या वाफ्यातच) वाढून जातात आणि भाताचं पीक हातचं जातं.

पावसाळ्यात जे थोडे पाहुणे घ्याल त्यांच्यासाठी नियम कडक हवेत. दहा जणांमागे एक वाटाड्या, त्याच्याकडे शिट्टी, २० मीटर दोर आणि मोबाइलला रेंज कुठे मिळते याची माहिती. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला की त्याच क्षणी बाहेर. पाऊस वर पठारावर पडत असतो, खाली ऊन असलं तरी लोंढा येतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीला पाणी अचानक वाढून पर्यटक पलीकडे अडकले होते. नाशिक शहरातून निघणारा माणूस आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून निघतो, पण इगतपुरीचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे जातो आणि शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास पडतो.

त्यामुळे पाड्याचा स्वतःचा पाऊस मोजा. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि छपरापासून लांब. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मोजा. हवामान खात्याच्या मापात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार. डब्यात ६५ दिसले की ओढे आणि धबधबे बंद, ११५ दिसले की सगळंच बंद, आणि उताराखालच्या घरांनी ती रात्र शाळेत काढायची. ऑरेंज आणि रेड अलर्टला डबा बघायचीही गरज नाही. बंदचा निर्णय अशा माणसाने घ्यावा ज्याच्या घरी त्या दिवशी पाहुण्यांची पाळी नाही. फलक धबधब्यापाशी लावून उपयोग नाही, तिथवर आलेली गाडी मागे वळत नाही. तो मुख्य रस्त्याच्या फाट्यावर लावा: अलर्ट असेल तर सकाळी सातच्या आत, आणि बुकिंग केलेल्यांना आदल्या संध्याकाळीच फोन करा; डब्यावरून बंद ठरलं तर दोन्ही लगेच करा.