काजूच्या पैशांतला लॅपटॉप

मे २०२४ संपता संपता आईने काजूबियांच्या शेवटच्या दोन पोत्यांचे पैसे वाळपईहून आणले, आधीच्या पैशांत मिसळले आणि ३५ हजार रुपये मोजून माझ्या पुढ्यात ठेवले. "यात बसव," एवढंच म्हणाली. मार्चपासून ती आणि आजी रोज सकाळी बागेत गळलेले बोंडू गोळा करून बिया वेगळ्या करत होत्या. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. हजार रुपयांच्या बिया म्हणजे किती वाकणं, हे माझ्या कंबरेला माहीत होतं. त्यामुळे हे पैसे चुकीच्या यंत्रात जाऊ द्यायचे नाहीत, असं मी त्या रात्रीच ठरवलं.

म्हापशाच्या एका कॉलेजात बीसीएला, म्हणजे संगणकाच्या पदवीला, प्रवेश नक्की झाला होता. घरात याआधी कुणी लॅपटॉप घेतलेला नव्हता, आणि विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. शेजारचा दादा म्हणाला, गेमिंगचाच घे, टिकतो. बाबांच्या कामावरचे साहेब म्हणाले, सेकंडहँड घ्या. मामाचं म्हणणं, ऑनलाइन सेल लागेपर्यंत थांबा. आठवडाभर सगळ्यांचं ऐकून मी जास्तच गोंधळले.

वाट दाखवली ती अभ्यासक्रमाने. त्याच कॉलेजातल्या एका सीनियर ताईकडून तीन वर्षांत काय काय करावं लागतं ते उतरवून घेतलं: सी, पायथन, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषा, मायएसक्यूएल हा डेटाबेस, वेबसाइट बनवणं आणि पुढे अँड्रॉइड अॅप. सी आणि पायथन जवळपास कुठल्याही यंत्रावर चालतं. खरा भार अँड्रॉइड स्टुडिओचा, म्हणजे अॅप बनवायच्या सॉफ्टवेअरचा. त्याला किमान ८ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी) लागते, आणि इम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरचा नकली मोबाइल, सुरू केला की तीही अपुरी पडते. व्हिडिओ एडिटिंग मला करायचं नव्हतं, गेम खेळायचे नव्हते. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. त्याने किंमत वाढते, वजन वाढतं आणि बॅटरी लवकर उतरते. शेजारच्या दादाचा सल्ला तिथेच मागे पडला.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, जे नंतर बदलता येत नाही ते: प्रोसेसर, स्क्रीन, बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) रॅम. उजवीकडे, जे पुढेमागे बदलता येतं ते: एसएसडी (फायली साठवायची जागा), स्लॉटमध्ये बसवलेली रॅम, बॅटरी. पैसा आधी डावीकडे घालायचा. उजवीकडचं कमी असलं तर चालेल, वर्षभराने भर घालता येईल. पुढचे तीन आठवडे मी ते पान घडी करून पर्समध्येच ठेवलं होतं.

बाबांना सुट्टी मिळाली तशी आम्ही कदंबाच्या बसने पणजीला गेलो. पहिल्याच दुकानात दुकानदाराने एक चकचकीत, हलका लॅपटॉप पुढे केला. "बाय, हो व्हर. कॉलेजीक सगळें चलता हाचेर." म्हणजे हा घेऊन जा, कॉलेजचं सगळं यावर चालतं. किंमत २२ हजार. बाबांचा चेहरा उजळला. १३ हजार वाचत होते. मी खालचा कागद वाचला: सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी. ईएमएमसी म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते तशी बोर्डावरच चिकटवलेली साठवण, एसएसडीपेक्षा कितीतरी हळू. आणि विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची. विंडोज आणि तिचे अपडेट्स बसले की माझ्या कामाला जागा उरणार कुठे? बाहेर आल्यावर बाबांना समजावलं, की हा घेतला तर दुसऱ्या वर्षी दुसरा घ्यावा लागेल. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या दुकानाची पायरी तेच आधी चढले.

तिथे ३५ हजारांना एएमडीचा रायझन ३ ७३२०यू प्रोसेसर असलेला लॅपटॉप होता. विक्रेता म्हणाला, सात हजारची सिरीज आहे, एकदम नवी. इथे मी थोडा अभ्यास करून गेले होते म्हणून वाचले. एएमडीच्या २०२३ पासूनच्या या चार आकड्यांत पहिला आकडा सांगतो सिरीज कोणत्या वर्षाची. आतली रचना किती जुनी आहे ते तिसरा आकडा सांगतो. ७३२० मधला २ म्हणजे झेन २, जी रचना २०१९ मध्ये आली. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. प्रोसेसर वाईट नव्हता, चार कोर (आतले काम करणारे भाग) होते, रोजच्या कामाला पुरला असता. मला अडलं ते रॅमचं. त्या मॉडेलमध्ये ८ जीबी होती आणि सगळी सोल्डर केलेली, एकही स्लॉट रिकामा नाही. माझ्या पानावर डावीकडे जाऊन बसली. त्याच किमतीच्या आसपास इंटेलचा कोअर आय३-१२१५यू असलेला लॅपटॉप होता: दोन मोठे कोर, चार छोटे, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि रॅमसाठी एक स्लॉट मोकळा. त्याचं नाव लिहून घेतलं.

सेकंडहँडचा विचार मात्र मी मनापासून केला. कंपन्यांमधून निघालेले लॅपटॉप मजबूत असतात, त्यांचे कीबोर्ड नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा कितीतरी चांगले. मडगावला एका ठिकाणी १९ हजारांना एक मिळत होता. पण प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा होता, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. म्हणजे माझं दुसरं वर्ष अर्ध्यावर असताना. मी त्यांना बॅटरी रिपोर्ट काढायला सांगितला. विंडोजमध्ये त्याची आज्ञाच आहे, मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दाखवते. ४८ हजारांतले २७ हजार मिलिवॉट-तास उरले होते. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या मुलीला बॅटरी अर्धी असून भागत नाही. आठव्या पिढीचा आणि चांगल्या बॅटरीचा मिळाला असता तर मी नक्की घेतला असता.

मामा ऑनलाइनवर अडून होता, शिवाय त्याच्याकडे क्रेडिट कार्ड होतं. तोच आय३ ऑनलाइन ३६,९९० ला होता. कार्डाने सगळे पैसे एकदम भरले तर १,५०० रुपये कमी. "मग नो कॉस्ट ईएमआय, बिनव्याजी हप्ते, कर ना, आईचे पैसे राहू दे," मामा म्हणाला. बसून हिशेब केला. ईएमआय घेतला की १,५०० ची सूट जाते. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. व्याज सवलत म्हणून परत मिळतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच खिशातून जातो. सहा महिन्यांत सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. मामाने हिशेब दोनदा तपासला आणि मान डोलावली.

शेवटी पणजीतल्या दुकानात तोच लॅपटॉप घासाघीस करून ३६ हजारांना ठरला, वरचे हजार बाबांनी घातले. ऑनलाइनपेक्षा पाचशे जास्त, पण स्क्रीन डोळ्यांनी बघायला मिळाली, आणि ते मला महत्त्वाचं होतं. काळोख्या रंगाचा एक फोटो लावून मी लॅपटॉपकडे खालून, वरून, बाजूने पाहिलं. टीएन प्रकारच्या स्वस्त स्क्रीनवर खालून बघितलं की रंग उलटे दिसतात. या स्क्रीनवर तसं झालं नाही. फुल एचडी होती, उजेड मात्र बेताचाच.

दुकानदाराने खोका आणला. त्याची पट्टी एका बाजूने कापून पुन्हा चिकटवल्यासारखी वाटली. मी खोक्यावरचा सिरियल नंबर मोबाइलवर कंपनीच्या साइटवर टाकला. वॉरंटी चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली! शोकेसमधला असावा. मी म्हटलं, हा नको, दुसरा द्या. दुकानदार म्हणाला, यंत्र नवंच आहे, काही होत नाही. बाबांना फार संकोच वाटला. "असू दे ग, चार महिन्यांनी काय होतंय," ते हळूच म्हणाले. मला त्या क्षणी आईची पोती दिसली. मी उभीच राहिले. वीस मिनिटांनी गोदामातून दुसरा खोका आला, त्याची वॉरंटी सुरूच झालेली नव्हती. बिलावर तोच सिरियल नंबर लिहून घेतला, जीएसटीसकट.

दुकानातला मुलगा विंडोज स्वतःच्या ईमेलने सुरू करून देणार होता. तेही नको म्हटलं. सोबत येणारं ऑफिस ज्याच्या खात्याला जोडलं त्याचंच होतं, आणि ते ठरावीक मुदतीत जोडावं लागतं. घरी येऊन माझ्याच खात्याला जोडलं.

पहिल्याच आठवड्यात चार्जिंग करताना लॅपटॉपच्या कडेला हात लागला की मुंग्या यायच्या. यंत्र बिघडलं म्हणून मी रडकुंडीला आले. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या जुन्या घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. वायरमनने ओढून दिलं आणि मुंग्या थांबल्या. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे आधी करून घ्यावं.

पावसाळ्यात मी लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवत नाही. आमच्याकडे श्रावणापर्यंत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. रोज वापरला की त्याच्याच उष्णतेने कोरडा राहतो. बसमध्ये बॅग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि वजन पावणेदोन किलोच्या आत असल्याचं महत्त्व शटलमध्ये उभ्याने जाताना रोज कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत १,८०० रुपयांची ८ जीबी रॅम मोकळ्या स्लॉटमध्ये बसवली. आता इम्युलेटर आणि ब्राउझर एकत्र चालतात. माझा हा भाग मात्र कुणी डोळे झाकून उचलू नये. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण कारखान्यांची मेमरी एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली. आज घेणाऱ्याने, परवडत असेल तर, सुरुवातीलाच १६ जीबी बघावी.

डिचोलीची माझी मावसबहीण पॉलिटेक्निकला आहे. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायला गेल्या शनिवारी आम्ही पणजीला गेलो, बाबाही आले. खोका काउंटरवर आला. मी मोबाइल काढायच्या आत बाबांनी चष्मा लावला, खोका स्वतःकडे वळवून घेतला आणि सिरियल नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.