पिवळी केबल

माझ्या बॅगेत एक पिवळी केबल होती, दोन-अडीच मीटरची, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली, आणि तिचं मला जरा कौतुकच होतं. नेटवर्कची क्रॉसओव्हर केबल, स्वतः क्रिंप केलेली, म्हणजे टोकांचे प्लग मीच दाबून बसवलेले. नवीन पोरांना ती दाखवून मी भाषण देत असे की बाबांनो, पूर्वी दोन कॉम्प्युटर डायरेक्ट जोडायचे तर साधी केबल चालायची नाही, कारण दोघंही १ आणि २ नंबरच्या पिनवर बोलतात आणि ३ आणि ६ वर ऐकतात, सरळ केबल लावली तर दोघं एकाच तारेवर बोलत बसणार आणि ऐकणार कोणीच नाही. म्हणून एका टोकाला हिरवी जोडी आणि नारिंगी जोडी यांची अदलाबदल करायची, झाली क्रॉसओव्हर. भाषण बरोबरच आहे. घोळ केबलमध्ये होता.

झालं असं की एका क्लायंटचं ऑफिस शिफ्ट होत होतं. आर्किटेक्टचं ऑफिस, म्हणजे ड्रॉइंग, थ्रीडी रेंडर, साइटचे फोटो, सगळं मिळून जवळजवळ ६०० जीबी डेटा एका जुन्या मशीनवर, तो नव्या मशीनवर न्यायचा. मशीन भाड्याचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला परत जाणार. आणि हे मला कळलं आदल्या दिवशी दुपारी चारला. मॅडम म्हणाल्या, "अहो, नुसतं कॉपी तर करायचंय."

मी आणि माझ्याबरोबरचा नवीन मुलगा पोचलो तर राउटर, स्विच सगळं पॅक होऊन नवीन जागेत गेलेलं. माझी एक्सटर्नल डिस्क ५०० जीबीची, म्हणजे मावणारच नाही. जुन्या मशीनची डिस्क काढून नव्याला लावावी तर कॅबिनेटला भाडेवाल्याचं सील. म्हणलं हरकत नाही, आपली पिवळी केबल आहे ना. ऐटीत काढली, दोन्हीकडे खटकन लावली. पोर्टवरचा लाईट लगेच लागला नाही, लागला, गेला, परत लागला, असं चार-पाच सेकंद चाललं आणि मग स्थिर झाला. इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती पण मी त्या पोराला आयपीबद्दल, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या पत्त्याबद्दल, सांगण्यात रंगलो होतो.

आयपीचं थोडक्यात सांगतो. राउटर नाही म्हणजे आयपी वाटणारं कोणी नाही, मग विंडोज थोडा वेळ वाट बघून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. त्यावरही काम होतं, पण मला हाताने दिलेला बरा वाटतो. एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस, म्हणजे इंटरनेटवर जायला लागणारे पत्ते, रिकामे. पिंग मारलं, म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारली, उत्तर नाही. पोरगा म्हणे सर केबल खराब असेल. मी हसलो, म्हणलं अरे केबलला काय झालंय, हा फायरवॉल आहे, बाहेरून येणाऱ्याला अडवणारा विंडोजचा पहारेकरी. आणि फायरवॉलच होता, कारण गेटवे नसलेलं नेटवर्क विंडोज ओळखत नाही आणि अनोळखी म्हणून पब्लिक प्रोफाइलमध्ये टाकतं, तिथे शेअरिंग बंद. दोनच मशीन, बाहेर कशालाच जोडलेलं नाही, म्हणून त्याच प्रोफाइलला फाइल शेअरिंग तेवढ्यापुरतं चालू केलं. पिंग आलं.

मग पासवर्ड. जुन्या मशीनवर मॅडमच्या युजरला पासवर्डच नव्हता आणि विंडोज बिनपासवर्डच्या अकाउंटला नेटवर्कवरून आत घेत नाही, समोर बसून लॉगिन होतं पण केबलवरून नाही. यात किती जणांचे किती तास गेले असतील देव जाणे. तात्पुरता पासवर्ड लावला, नेटवर्कच्या खिडकीत मशीन दिसायची वाट न बघता थेट आयपी टाइप केला, फोल्डर उघडला, कॉपी सुरू.

स्पीड सेकंदाला ११ एमबी. साडेसात वाजले होते. मी आपला निवांत, पण पोरानं मोबाईलवर गुणाकार-भागाकार केला आणि म्हणाला, सर हे उद्या सकाळी साडेदहाला संपेल. नऊला मशीन जाणार.

मी आधी डिस्कवर खापर फोडलं. जुनी आहे, फिरणारी आहे, होणारच. मग अँटिव्हायरसवर. तो थोडा वेळ थांबवला, ११. एकच मोठी व्हिडिओ फाइल टाकून बघितली, ११. म्हणजे छोट्या फाइल्सचाही दोष नाही. आणि हा आकडा हलतच नव्हता, जुनी डिस्क असती तर वरखाली झाला असता, इथे झाकण लावल्यासारखा ११ वर बसलेला. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला आठाने भागा, साडेबारा मेगाबाइट येतात, वरचा खर्च वजा जाता ११ उरतात. दोन्ही मशीनचे पोर्ट तर गिगाबिटचे, म्हणजे १००० मेगाबिटचे. ॲडॅप्टरच्या स्टेटसमध्ये बघितलं, १०० एमबीपीएस. सेटिंगमध्ये जबरदस्तीने १ गिगाबिट केलं तर लिंकच गेली. परत ऑटो.

तोवर पोरगा खाली वाकून प्लगकडे बघत होता. काळी टेप थोडी उचकटली होती आणि प्लग पारदर्शक. म्हणाला, "सर, यात चारच तारा आहेत."

मी गप्प.

खरंच चारच होत्या. १, २, ३ आणि ६. ती केबल मी केली तेव्हा १०० मेगाबिटचा जमाना होता, त्याला दोनच जोड्या लागतात, आणि बहुतेक जुन्या तुकड्यातल्या दोन जोड्या तुटलेल्या असतील म्हणून मी चारच बसवल्या असतील, किंवा आळस केला असेल, आता आठवत नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात, चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी डेटा जातो. म्हणून तर सुरुवातीला लाईट येत-जात होता, दोन्ही कार्ड गिगाबिटचा प्रयत्न करून थकली आणि १०० वर उतरली. आणि वरताण म्हणजे क्रॉसओव्हरची गरजच नव्हती, गिगाबिटचे पोर्ट कुठली जोडी बोलायची आणि कुठली ऐकायची ते स्वतःच जुळवून घेतात, साधी सरळ केबल लावली तरी चालतं. हे मला माहीत होतं हो. माहीत असूनही ऐट.

आता साधी केबल कुठून आणायची. सगळं पॅक. शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात नेटवर्क प्रिंटरची केबल राहिलेली सापडली, धुळीने माखलेली, वर कॅट ५ई छापलेलं, म्हणजे गिगाबिटला चालणारी. पुसली, लावली. लाईट एका झटक्यात. स्टेटस १ जीबीपीएस, मोठ्या फाइल्सना स्पीड ९० च्या आसपास, आणि आता तो वरखाली होत होता, म्हणजे आता खरंच डिस्क दमत होती. बरं वाटलं बघून.

यावेळी नुसतं कॉपी-पेस्ट न करता विंडोजमधली कॉपीची कमांड, रोबोकॉपी, लावलं, आधी उतरलेल्या फाइल्स ते सोडून देतं. फक्त एक लक्षात ठेवायला लागतं, त्याला काही सांगितलं नाही तर अडकलेली फाइल ते ३० सेकंद थांबून परत मागतं, आणि असं १० लाख वेळा. मी एकदा आणि एक सेकंद असं दिलं म्हणून वाचलो, कारण मॅडमचं आउटलुक मागे उघडंच होतं आणि मेलची पीएसटी फाइल हातच लावू देत नव्हती. लॉगमध्ये ती एकटी फेल दिसली, आउटलुक बंद केलं, परत चालवलं. दोन्ही मशीनची स्लीपही बंद केली. साइटच्या फोटोंच्या बारीक फाइल्सनी वेळ खाल्लाच, पावणेबाराला संपलं. दोन्हीकडे फाइल्सची संख्या जुळवली, चार-पाच ड्रॉइंग उघडून बघितली, शेअरिंग बंद केलं आणि निघालो. वाटेत पोरगा केबलबद्दल एक शब्द बोलला नाही. ते जास्त लागलं.

सकाळी साडेनऊला मॅडमचा फोन, मी गाडीवर होतो म्हणून त्यानं उचलला. जुनं मशीन गेलं, नवीन जागेत सगळं लावलं, बाकीच्यांचं नेट चालतंय, फक्त नवीन मशीनचं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मला विचारायच्या आधीच त्यांना सांगायला लागला, "मॅडम, सरांनी काल हाताने आयपी टाकला होता तो काढायचा राहिलाय, मी सांगतो तसं करा."