ओकिताच्या हातातला पेला

लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी व्यक्तिचित्रांविषयी बोलणे निघाले की मला हमखास विचारले जाते: त्यांतल्या चहा देणाऱ्या स्त्रियांच्या हातातला चहाचा पेला नेमके काय सुचवतो? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा झेन आणि चहाचा विधी असतो. तुम्हीही विचारलेत म्हणून स्पष्ट सांगतो: त्या पेल्यात अध्यात्म शोधू नये. तो त्या मुलीच्या रोजच्या कामाचा पेला आहे आणि त्याचा अर्थ तिथूनच सुरू होतो.

१७६०च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार हारुनोबूने कासामोरी देवस्थानाजवळच्या चहावाल्या ओसेनला चित्रांतून घरोघरी पोहोचवले होते. माझे मन मात्र नंतरच्या चित्रकार उतामारोच्या ओकितावर अधिक रेंगाळते. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, असाकुसाच्या देवळाजवळ नानिवाया नावाचे चहाचे दुकान होते आणि ओकिता तिथे गिऱ्हाइकांना चहा देई. १७९३च्या सुमारास छापलेल्या चित्रात ती छोट्या तबकडीवजा बैठकीवर ठेवलेला पेला जपून घेऊन येते, पण ज्याच्यासाठी तो आणला तो माणूस चित्रात कुठेच नाही. बाकावर आपणच बसलेलो असतो आणि चहा आपल्याकडे येत असतो. योशिवारा या एदोतल्या गणिकांच्या वस्तीतल्या नावाजलेल्या गणिकेची भेट घ्यायला मोठी रक्कम मोजावी लागे; ओकिताला पाहायला एका पेल्याचे पैसे पुरत. पेला हे असे सर्वांना खुल्या असलेल्या सौंदर्याचे चिन्ह आहे, असे मला वाटते.

तिचे एक चित्र तर पातळ कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेले आहे. एका बाजूला चहा आणणारी ओकिता समोरून दिसते. कागद उलटला की त्याच बाह्यरेषेत तीच पाठमोरी उभी, पाठीवर ओबीची, म्हणजे किमोनोच्या रुंद कमरपट्ट्याची, गाठ.

१७९३ मध्येच सरकारने गणिकांखेरीज इतर स्त्रियांची नावे चित्रांवर छापायला बंदी केली. तेव्हा उतामारोने नावाच्या जागी चित्रकोडे घातले, म्हणजे ज्यांची जपानी नावे जोडून वाचली की ‘नानिवाया ओकिता’ होते अशी चित्रे: भाजीच्या दोन जुड्या म्हणजे ‘ना-नि-वा’, बाण म्हणजे ‘या’, किनाऱ्यापासून दूरचा समुद्र म्हणजे ‘ओकि’ आणि भातशेत म्हणजे ‘ता’. १७९६ मध्ये अशा कोड्यांवरही बंदी आली. त्यानंतर अशा चित्रातली मुलगी कोण, हे जाणत्या गिऱ्हाइकाला सांगायला तिच्या कपड्यावरचे चिन्ह आणि हातातला पेला एवढेच उरले.